वाचकांचे प्रश्न : दोन ग्राफिक्स कार्डांचा लॅपटॉप आणि लिनक्स

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्डांविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांकडून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरांमधील कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात. ज्या कमांड प्रणालीत बदल करतात, त्यांच्या आधी नेहमीप्रमाणे ‘सुडो’ हा प्रशासकाचा अधिकार देणारा शब्द लावावा लागेल.

प्रश्न : संपादक महोदय, मी घणसोलीला राहते आणि वास्तुकलेच्या चौथ्या वर्षात शिकते. माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेल प्रोसेसरमधील ग्राफिक्स आणि एन्व्हिडियाचे आरटीएक्स ३०५० अशी दोन कार्डे आहेत. विंडोज तशीच ठेवून मी शेजारी लिनक्सचे उबुंटू २४.०४ टाकले आणि एन्व्हिडियाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, घेतला. ड्रायव्हर बसत असताना मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितले गेले, तो मी दिला. नंतर रीस्टार्ट करताना एक निळा पडदा आला आणि मी काही करण्याआधीच निघून गेला. तेव्हापासून ‘एन्व्हिडिया-एसएमआय’ ही कमांड ड्रायव्हरशी संपर्क होत नसल्याचे सांगते. एका व्हिडिओत पाहून ‘प्राइम-सिलेक्ट एन्व्हिडिया’ अशी कमांड दिली, तर लॉगिनच्या जागी काळा पडदा आला. दुसऱ्या व्हिडिओतील सल्ल्यानुसार ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला विंडोज की लिनक्स हे निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलमध्ये ‘नोमोडसेट’ हा शब्द घातला, तेव्हा चित्र परत आले. पण आता ब्राइटनेसची बटणे चालत नाहीत, खिडकी सरकवली तरी ती अडखळते आणि बॅटरी भराभर उतरते. मला ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलच्या प्रोग्राममध्ये रेंडर करण्यासाठी, म्हणजे मॉडेलचे अंतिम चित्र काढण्यासाठी, एन्व्हिडियाचे मोठे कार्ड हवे आहे आणि एरवी लोकलमध्ये किंवा वर्गात बसून काम करताना ते बंद राहावे, एवढीच अपेक्षा आहे. उबुंटू पुन्हा पहिल्यापासून टाकावे का?

उत्तर : पुन्हा टाकण्याची गरज नाही. आपल्या लॅपटॉपमध्ये बिघाडही नाही. एक पायरी अर्धवट राहिली आणि तिच्यावर दोन उपाय चढले, त्यांतील दुसऱ्याने पहिल्याचा परिणाम झाकला, असे आपल्या पत्रावरून स्पष्ट दिसते. मात्र हे उलगडण्यापूर्वी ‘कार्ड बदलणे’ या शब्दांनी होणारा एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण दोन्ही व्हिडिओंतील सल्ले त्यातूनच आले असावेत.

एन्व्हिडियाने २०१० साली ‘ऑप्टिमस’ नावाची रचना आणली आणि त्यानंतरच्या बहुसंख्य दुहेरी कार्डांच्या लॅपटॉपमध्ये पडद्याची वायर इंटेलच्या किंवा एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्सलाच जोडलेली असते. मोठे कार्ड चित्र तयार करते, तयार झालेली प्रत्येक फ्रेम अंगभूत ग्राफिक्सच्या स्मृतीत पोहोचवते आणि तेथून ती पडद्यावर जाते. म्हणजे स्वयंपाक शेजारच्या घरात झाला तरी ताट आपल्याच घरातून वाढले जाते. महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये ही वायरच इकडून तिकडे फिरवणारा ‘मक्स’ नावाचा वेगळा स्विच असतो, पण तो नसेल तर कोणतीही कमांड पडदा मोठ्या कार्डाला ‘जोडू’ शकत नाही. कोणते काम कोणत्या कार्डाने करायचे, एवढेच आपल्या हाती असते, आणि त्यासाठी दोन्ही कार्डांचे ड्रायव्हर एकाच वेळी नीट चालू असावे लागतात. अंगभूत ग्राफिक्सचा ड्रायव्हर बंद करून मोठे कार्ड वापरू पाहणे, ही येथील सर्वांत सर्रास दिसणारी चूक आहे.

आता आपल्या प्रसंगाकडे वळू. ड्रायव्हर बसवताना पासवर्ड विचारला गेला, याचा अर्थ लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त मान्य सही असलेले प्रोग्राम आत घेणारी सोय) चालू आहे आणि ड्रायव्हरचा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, शिरणारा भाग आपल्याच लॅपटॉपवर घडवून आपल्याच लॅपटॉपच्या किल्लीने सही केला गेला. उबुंटू स्वतः सही केलेले तयार भागही देते आणि ते वापरले गेले तर हा पासवर्ड विचारला जात नाही. सही करणारी किल्ली लॅपटॉप सुरू होताना सह्या तपासणाऱ्या यंत्रणेला मान्य करून घ्यावी लागते आणि त्यासाठीच तो निळा पडदा होता. तो सुमारे १० सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात एखादे बटण दाबले नाही तर किल्ली न नोंदवताच पुढे जातो. किल्ली मान्य नसल्यामुळे कर्नलने ड्रायव्हर आत घेतला नाही आणि म्हणून ‘एन्व्हिडिया-एसएमआय’ने संपर्क होत नसल्याची तक्रार केली. पुढे ‘प्राइम-सिलेक्ट एन्व्हिडिया’ देऊन आपण डेस्कटॉपचे सगळे काम त्याच कार्डावर सोपवले. ज्याचा ड्रायव्हरच हजर नाही त्याच्याकडे काम सोपवल्यावर काळा पडदा दिसणे आश्चर्याचे नाही.

‘नोमोडसेट’ने परत आलेले चित्र मात्र फसवे आहे. हा शब्द कर्नलला सांगतो की कोणत्याही ग्राफिक्स ड्रायव्हरने पडद्याचा ताबा घेऊ नये. त्यामुळे इंटेलचा निरोगी ड्रायव्हरसुद्धा बाहेर थांबतो, फर्मवेअरने, म्हणजे लॅपटॉपमध्येच भरलेल्या मूळ प्रोग्रामने, लावून ठेवलेल्या साध्या चित्रावर काम भागवले जाते आणि प्रत्येक खिडकी, प्रत्येक सावली प्रोसेसरला स्वतः रंगवावी लागते. याची खात्री करायची असेल तर ‘मेसा-युटिल्स’ हे पॅकेज टाकून ‘जीएलएक्सइन्फो’ ही कमांड कॅपिटल बी या पर्यायासह द्यावी. रेंडररच्या ओळीत इंटेलऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ असे नाव दिसले, तर दोन्ही कार्डे रिकामी बसून आहेत आणि प्रोसेसर एकटाच राबतो आहे असे समजावे. ब्राइटनेसची बटणे न चालणे, खिडकी अडखळणे आणि बॅटरीचा बराचसा उतार या सर्वांचे मूळ येथे आहे. त्यात भर म्हणजे मोठ्या कार्डाला झोपवणारा ड्रायव्हरच नसल्याने तेही फुकट वीज खात आहे. ‘नोमोडसेट’ हा लॅपटॉप एकदा कसाबसा सुरू करून घेण्याचा उपाय आहे. ग्रबच्या यादीवर ‘ई’ दाबून त्या एका वेळेपुरता तो लिनक्सच्या ओळीत घालावा, फाइलमध्ये कायमचा ठेवू नये.

दुरुस्तीत क्रमाला महत्त्व आहे. ‘नोमोडसेट’ आधी काढले तर काळा पडदा परत येईल, म्हणून प्रथम ‘प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ ही कमांड द्यावी. या मोडमध्ये डेस्कटॉप इंटेलवर चालतो आणि मोठे कार्ड मागितल्यावरच कामाला येते. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्या दुहेरी कार्डांच्या लॅपटॉपवर मुळात हाच मोड निवडतात, तो आपणच बदलला होता. त्यानंतर ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘डिफॉल्ट’ या उपफोल्डरात असलेली ‘ग्रब’ नावाची फाइल उघडून ‘नोमोडसेट’ हा शब्द तेवढा काढावा, त्याच ओळीतील इतर शब्दांना हात लावू नये, ‘अपडेट-ग्रब’ ही कमांड द्यावी आणि लॅपटॉप रीस्टार्ट करावा. एवढ्यावरच पडदा पूर्ववत व्हायला हवा आणि ब्राइटनेसची बटणे चालायला हवीत, कारण इंटेलचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि त्याला सहीचा अडथळा नसतो. यदाकदाचित पडदा काळाच राहिला, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरी पडद्यावर लॉगिन करता येते आणि पुढील कमांड तेथूनही देता येतात.

यानंतर राहिलेली पायरी पूर्ण करावी. ‘मोकयुटिल’ (‘मोक’ म्हणजे लॅपटॉपच्या मालकाची किल्ली) ही कमांड ‘इम्पोर्ट’ या पर्यायासह देऊन तिला ‘व्हार’, ‘लिब’, ‘शिम-साइन्ड’, ‘मोक’ या क्रमाने आत असलेल्या ‘मोक डॉट डीईआर’ या किल्लीच्या फाइलचा पत्ता द्यावा. येथे फोल्डराचे ‘मोक’ लहान अक्षरांत आणि फाइलच्या नावातील ‘मोक’ मोठ्या अक्षरांत आहे. मग आठ-दहा अक्षरांचा साधा पासवर्ड ठरवून तो कागदावर लिहून ठेवावा. हा पासवर्ड एकदाच लागतो, म्हणून तो अवघड ठेवण्यात काही लाभ नाही. उलट निळ्या पडद्यावर टाइप केलेली अक्षरे दिसत नाहीत आणि कीबोर्ड अमेरिकन मांडणीचाच धरला जातो, त्यामुळे विशेष चिन्हे टाळलेली बरी. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा आला की लगेच कोणतेही बटण दाबावे, ‘एनरोल मोक’ निवडावे, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, पासवर्ड आणि शेवटी ‘रीबूट’. या वेळी लॅपटॉपसमोरून उठू नये, चहा नंतर घ्यावा.

काही मित्र आपल्याला याऐवजी सिक्युअर बूटच बंद करण्याचा सोपा मार्ग सुचवतील. तो चालतो, पण आपल्या लॅपटॉपवर विंडोजही आहे, आणि तिच्या डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप चालू असेल तर सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती कोठे जपून ठेवली आहे हे माहीत नसताना हा प्रयोग करणे, तेही प्रकल्प सादर करण्याच्या आठवड्यात, मी तरी करणार नाही.

किल्ली नोंदवल्यानंतर ‘एन्व्हिडिया-एसएमआय’ने कार्डाचे नाव, तापमान आणि स्मृती यांचा तक्ता दाखवायला हवा. तरीही तक्रार कायम राहिली तर ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘के’ या पर्यायासह द्यावी आणि एन्व्हिडियाच्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीत काय लिहिले आहे ते पाहावे. तेथे ‘नूवो’ असेल तर कर्नलसोबत येणाऱ्या मुक्तस्रोत ड्रायव्हरने कार्ड आधीच ताब्यात घेतले आहे. ती ओळच नसेल तर कोणताच ड्रायव्हर बसलेला नाही. याच कमांडमध्ये आपल्याला एन्व्हिडियाचे कार्ड कदाचित ‘थ्रीडी कंट्रोलर’ या नावाने आणि इंटेलचे ‘व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर’ या नावाने दिसेल. सहसा ‘थ्रीडी कंट्रोलर’ म्हणवणाऱ्या कार्डातून पडद्याला जाणारी कोणतीही वायर निघत नाही, त्यामुळे आपल्या लॅपटॉपची आतील जोडणी कशी आहे याचा अंदाज पेच न उघडता येथेच बांधता येतो.

एखादा प्रोग्राम मोठ्या कार्डावर चालवायचा असेल तर ग्नोममध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर, त्याच्या चिन्हावर उजवे बटण दाबल्यावर ‘डिस्क्रीट ग्राफिक्स कार्ड’ वापरून सुरू करण्याचा पर्याय येतो. टर्मिनलमध्ये प्रोग्रामच्या नावाआधी ‘प्राइम-रन’ लावले की तेच होते. ‘जीएलएक्सइन्फो’ एकदा नुसते आणि एकदा ‘प्राइम-रन’सह चालवून पाहावे, पहिल्यात इंटेल आणि दुसऱ्यात एन्व्हिडिया असे नाव आले की काम झाले. ब्लेंडरच्या बाबतीत आणखी एक सोय आहे, जी बहुतेक व्हिडिओंत सुटून जाते. ब्लेंडरचे सायकल्स हे रेंडर इंजिन कूडा किंवा ऑप्टिक्स या एन्व्हिडियाच्या सोयींमार्फत कार्डाशी थेट बोलते आणि चित्र पडद्यावर कोण नेते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्यामुळे ब्लेंडर साध्या पद्धतीने, म्हणजे इंटेलवर उघडले तरी प्रेफरन्सेसमधील सिस्टिम विभागात ऑप्टिक्स निवडल्यावर आणि दृश्याच्या रेंडर मांडणीत सीपीयूऐवजी जीपीयू ठरवल्यावर रेंडर मोठ्या कार्डावरच होते. ‘प्राइम-रन’ची गरज पडते ती भरगच्च मॉडेल समोर ठेवून ते फिरवून पाहताना.

राहता राहिला बॅटरीचा प्रश्न. आरटीएक्स ३०५० हे अँपियर पिढीचे कार्ड आहे आणि काम नसताना पूर्ण झोपण्याची सोय तिच्या आधीच्या ट्युरिंग पिढीपासून पुढील कार्डांना, ड्रायव्हर आणि लॅपटॉपचे फर्मवेअर यांची साथ असेल तर, मिळते. ते खरोखर झोपते का हे तपासताना एक गंमत लक्षात ठेवावी : ‘एन्व्हिडिया-एसएमआय’ चालवले की कार्ड उत्तर देण्यासाठी जागे होते, आणि आपल्याला ते सदैव जागेच दिसते. पडद्याच्या वरच्या पट्टीवर कार्डाचे तापमान दाखवणारे छोटे विजेटही वारंवार हीच विचारपूस करते आणि त्यापायी कार्ड दिवसभर झोपत नाही. त्यापेक्षा ‘सिस’ फोल्डरातून बस, पीसीआय, डिव्हायसेस असे उतरत जावे, एलएसपीसीआयने दाखवलेल्या क्रमांकाचे फोल्डर उघडावे आणि त्यातील पॉवर फोल्डरात असलेली ‘रनटाइम स्टेटस’ ही फाइल वाचावी. या नावातील दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर आहे. तेथे ‘सस्पेंडेड’ असेल तर कार्ड झोपलेले आहे, ‘ॲक्टिव्ह’ असेल तर कोणीतरी ते जागे ठेवले आहे. ही फाइल वाचल्याने कार्डाची झोप मोडत नाही.

प्रश्न : मी ठाण्यातील एका शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्याकडे एन्व्हिडियाचे जीटीएक्स १०५० असलेला लॅपटॉप आहे आणि बॅटरी टिकावी म्हणून मी ‘प्राइम-सिलेक्ट इंटेल’ करून ठेवले आहे. घरी सर्व ठीक चालते, परंतु वर्गातील प्रोजेक्टर एचडीएमआयने जोडला की लॅपटॉपला त्याचा पत्ताच नसतो. केबल बदलून पाहिली, प्रोजेक्टर दुसऱ्या लॅपटॉपवर चालतो. काय करावे?

उत्तर : आपल्या लॅपटॉपमध्ये आतील पडदा इंटेलला आणि एचडीएमआयचे भोक एन्व्हिडियाला जोडलेले असावे, अनेक कंपन्या अशीच जोडणी करतात. इंटेल मोडमध्ये मोठे कार्ड बंद केले जाते आणि त्याच्याबरोबर ते भोकही मृत होते, म्हणून केबल किंवा प्रोजेक्टर बदलून उपयोग होणार नाही. खात्रीसाठी एकदा ऑन-डिमांड मोड लावून रीस्टार्ट करावे आणि ‘सिस’, ‘क्लास’, ‘डीआरएम’ या क्रमाने जाऊन तेथील नावांची यादी पाहावी. आतील पडदा ‘ईडीपी’ या नावाने एका कार्डाच्या क्रमांकाखाली आणि एचडीएमआय दुसऱ्या क्रमांकाखाली दिसला, तर निदान पक्के झाले. एचडीएमआय त्याच क्रमांकाखाली दिसला तर मात्र माझा अंदाज चुकला आणि दोष अन्यत्र शोधावा लागेल.

आपल्यापुढील अडचण अशी की १०५० हे ट्युरिंगच्या आधीच्या पास्कल पिढीचे कार्ड आहे आणि वर सांगितलेली पूर्ण झोपण्याची सोय एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये त्या पिढीला नाही. ऑन-डिमांड मोडमध्ये ते थोडी वीज घेतच राहील. म्हणून शाळेच्या दिवशी ऑन-डिमांड आणि एरवी इंटेल, असा बदल करून प्रत्येक वेळी रीस्टार्ट करणे हा एक मार्ग आहे. वर्गात चार्जर लावता येत असेल तर ऑन-डिमांड कायम ठेवावा असे मी सुचवीन, कारण मुलांनी बाके भरलेली असताना रीस्टार्टची वाट पाहणे बॅटरी वाचवण्यापेक्षा महाग पडते. आपल्या लॅपटॉपला टाइप-सी भोक असेल आणि त्यातून चित्र बाहेर येत असेल, तर तेही कोणत्या कार्डाला जोडले आहे ते याच यादीत पाहावे. ते इंटेलचे निघाले तर साध्या अडॅप्टरवर प्रोजेक्टर चालेल आणि मोठे कार्ड बंदच ठेवता येईल.

ड्रायव्हर निवडताना एक काळजी घ्यावी. ज्याच्या नावाअखेर ‘ओपन’ असते तो ड्रायव्हर ट्युरिंग आणि त्यापुढील कार्डांसाठी आहे, पास्कलवर तो चालणार नाही. शिवाय ५८० ही पास्कलला आधार देणारी ड्रायव्हरची शेवटची मालिका असल्याचे एन्व्हिडियाने जाहीर केले आहे, तेव्हा त्याहून मोठा आकडा दिसला म्हणून तो घेण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : मी निवृत्त असून वाशीला राहतो. २०११ साली घेतलेल्या लॅपटॉपमध्ये एन्व्हिडियाचे जीटी ५४०एम आहे. त्यावर लिनक्स मिंट टाकले आहे, उपयोग वाचन, पत्रव्यवहार आणि जुनी नाटके पाहणे एवढाच. एन्व्हिडियाचा ड्रायव्हर सापडत नाही. जुन्या लेखांत ‘बंबलबी’ टाकावे असे वाचले. ते योग्य ठरेल का?

उत्तर : बंबलबीच्या वाटेला जाऊ नये. ऑप्टिमस आल्यानंतर पहिली काही वर्षे एन्व्हिडियाने लिनक्ससाठी त्याची सोय दिलीच नव्हती आणि ती उणीव भरून काढण्यासाठी २०११ च्या सुमारास स्वयंसेवकांनी बंबलबी उभे केले. २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात एका श्रोत्या महिलेने याच गैरसोयीविषयी विचारले, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर एन्व्हिडियाला उद्देशून काढलेले उद्गार या मासिकात छापण्याजोगे नाहीत. पुढे २०१९ साली ड्रायव्हरच्या ४३५ या मालिकेत एन्व्हिडियाने स्वतःच मागणीनुसार रेंडर करण्याची सोय दिली आणि बंबलबीचे प्रयोजन संपले.

आपले कार्ड फर्मी पिढीचे आहे. त्याला आधार देणारी शेवटची मालिका ३९० होती आणि तिची देखभाल २०२२ अखेर थांबली, म्हणून नव्या प्रणालीत तो ड्रायव्हर सापडत नाही. कोठून तरी मिळवून बसवला तरी नव्या कर्नलवर तो घडेल याचा भरवसा नाही. कर्नलसोबत येणारा नूवो ड्रायव्हर तसाच राहू द्यावा. काम नसलेले कार्ड तो आपणहून बंद करतो, आणि वाचन, पत्रव्यवहार व नाटके यांसाठी इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स पुरेसे आहे. लॅपटॉप तापत असेल तर त्याचा पंखा साफ करून घ्यावा. नवी मुंबईच्या दमट हवेत वापरलेल्या जुन्या लॅपटॉपच्या जाळीत धूळ चिकटून बसते आणि तिच्यावर ड्रायव्हरचा इलाज नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये अंगभूत आणि वेगळे, दोन्ही ग्राफिक्स एएमडीचे आहेत. ‘प्राइम-सिलेक्ट’ चालत नाही. (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : ती कमांड एन्व्हिडियासाठी आहे. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, तो दोन्ही कार्डे सांभाळतो आणि नको असलेले कार्ड स्वतः बंद करतो. प्रोग्राम वेगळ्या कार्डावर चालवायचा असेल तेव्हा त्याच्या नावाआधी ‘डीआरआय प्राइम’ हे मोठ्या अक्षरांतील नाव अंडरस्कोरने जोडून, त्यापुढे बरोबरचे चिन्ह आणि १ असे लिहावे. ग्नोममधील उजव्या बटणाचा पर्यायही चालेल. काही लॅपटॉपवर १ ऐवजी ० ने वेगळे कार्ड मिळते की काय, अशी शंका आली तर ‘स्विचरूसीटीएल लिस्ट’ ही कमांड दोन्ही कार्डांची नावे आणि त्यांतील मूळ कोणते हे सांगते.